चला, कॅमेरा गळ्यात अडकवून भिगवणला!

पाण्यातून होडीने आणि माळावरून गाडीने : दोन दिवसांची, आपल्या बेताची सफारी

मैत्रिणींनो, घरातले फोटोंचे अल्बम एकदा काढून बसा. बारसं, मुंज, डोहाळजेवण, महाबळेश्वरची सहल, सगळं त्यात आहे. आता मोजा, यातले तुम्ही स्वतः काढलेले फोटो किती? जुन्या अल्बममध्ये बहुधा एकही सापडायचा नाही. कॅमेरा 'ह्यांच्या' हातात, नाही तर भावोजींच्या. आपण एक तर फोटोच्या कडेला ताट घेऊन उभ्या, नाही तर स्वयंपाकघरात.

तुम्ही म्हणाल, "अहो, आता मोबाइल आलाय की प्रत्येकीच्या हातात!" आलाय खरा. पण त्यात तरी काय असतं? नातवाचा वाढदिवस, दारातली रांगोळी, शिंप्याला दाखवायचा ब्लाउजचा गळा. कुणी सांगितलं नसताना, निव्वळ स्वतःच्या हौसेपोटी काढलेला फोटो शोधावाच लागतो.

होमाई व्यारावाला हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या या पारशी बाई म्हणजे भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. कॅमेरा त्या माणेकशा व्यारावालांकडून शिकल्या आणि पुढे त्यांच्याशीच लग्न केलं. सुरुवातीला होमाईबाईंचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावावर, कारण त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पुढे याच बाई साडी नेसून, सामान घेऊन दिल्लीभर सायकलवर हिंडल्या आणि स्वातंत्र्याच्या काळातले कितीतरी प्रसंग त्यांनी टिपले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्याला काही पद्मविभूषण नको आहे. पण आपण काढलेल्या फोटोखाली आपलं नाव असावं, एवढी हौस करायला काय हरकत आहे?

आणि त्यासाठीच आज एक बेत सुचवणार आहे.

सफारी म्हणजे आफ्रिकाच नव्हे

सफारी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात आफ्रिकेतले सिंह, नाही तर ताडोबाचा वाघ, आणि पाठोपाठ येतो खर्चाचा आकडा! पण पाणी आणि रान, दोन्ही एकाच फेरीत पाहायचं असेल तर पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर जायचं. भिगवण आलं. पुणे-सोलापूर लोहमार्गावर त्याचं स्वतःचं स्टेशनही आहे.

भीमा नदीवर उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. ११७ टीएमसी पाणी साठवणारं हे धरण. त्याचा पाणफुगवटा पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या हद्दीत पसरला. कितीतरी गावांची घरं-शेतं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं मंदिर एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यातून वर येतं, तेव्हा माहेर बुडालेल्या बायकांना काय वाटत असेल, ते आपल्याला सांगायला नको. माणसांची गावं उठली आणि त्या उथळ पाण्यात, गाळात, देशोदेशीच्या पाखरांनी गाव वसवलं. कुंभारगाव, डिकसळ या काठच्या गावांतून मासेमारी करणारे लोक आपल्या होड्यांतून हे पाखरांचं गाव दाखवतात. मासळीबरोबर आता हाही त्यांच्या घराचा आधार झाला आहे.

जायचं कधी? नोव्हेंबर ते मार्च. त्यातही रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायचे असतील तर संक्रांत होऊ द्या. पाणी ओसरून उथळ झालं की त्यांचे थवे उतरतात.

पाण्यावर : पहाटेची होडी

होडीत बसायचं ते सूर्य उगवायच्या सुमाराला. दहा वाजले की ऊन डोक्यावर येतं, पाणी चकाकतं आणि फोटोतले पक्षी पांढरेफटक दिसू लागतात. पहाटे उठायची आपल्याला सवय आहेच. एक दिवस ती डब्यासाठी न उठता स्वतःसाठी उठून वापरा!

रोहित पक्षी उभा राहिला तर चार-पाच फूट उंच. मान खाली घालून, डोकं अक्षरशः उलटं करून तो पाण्यातून चोच फिरवतो. चोचीच्या आत बारीक गाळणी असते. पाणी बाहेर, शेवाळ आणि बारके जीव आत. आपण चहा गाळतो ना, तसंच! त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पिलू जन्मतं ते राखाडी, रंग चढायला काही वर्षं जावी लागतात. म्हणून थव्यात फिकट, मळकट दिसणारे पक्षी आजारी नसतात, ती लेकरं असतात. आपल्याकडच्या रोहितांची मोठी वीण कच्छच्या रणात होते.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला बदकासारखा मोठा पक्षी दिसला तर तो पट्टकादंब. हा मध्य आशिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतो. शिवाय चित्रबलाक बघा. पाठीवर कुणी गुलाबी रंगाचा कुंचला फिरवावा तशी त्याची पिसं. जवळच्या भादलवाडीच्या तलावात बाभळींवर त्यांची घरटी असतात. चोच मिटली तरी मधे फट राहणारा मुग्धबलाक, लाल काटकुळ्या पायांचा शेकाट्या, पसरट चोचीचा थापट्या, नारिंगी अंगाचा चक्रवाक... नावंच ऐकत राहावी! यांतली कितीतरी मराठी नावं आपल्यापर्यंत पोहोचवली ती मारुती चितमपल्ली यांनी. मूळचे सोलापूरचेच. २०२५ साली ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून आपल्या राज्यात 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळला जातो. पहिल्या सहलीला याहून चांगला मुहूर्त कुठला?

माळावर : गवतातलं रान

दुपारी काठावरच्या एखाद्या घरगुती खानावळीत जेवा. मासे चालत असतील तर ताजी मासळी, नसतील तर पिठलं-भाकरी आणि ठेचा. थोडी पाठ टेका आणि उन्हं कलली की माळाकडे निघा.

इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ इथे पुण्याच्या वनविभागाने २०२४ साली गवताळ रानाची सफारी सुरू केली. आगाऊ नोंदणी करून, ठरलेल्या वाटेने, गाडीतून फिरायचं आणि बरोबर गावातलाच वाटाड्या घ्यायचा. आपल्यातल्या पुष्कळजणींना माळ म्हणजे ओसाड, पडीक जमीन वाटते. तशी ती सगळ्यांनाच वाटली, म्हणून तर माळ नांगरले गेले, त्यांवर कारखाने उभे राहिले. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, पण आज तिथे माळढोक दिसणं म्हणजे नवलच. गवत गेलं की गवतातलं सगळंच जातं.

या माळावर चिंकारा दिसतो. हरणाहून लहानखुरा, तांबूस, भेदरट. गाडी पाहून तो पळतो आणि थोडं अंतर गेला की थबकून मागे वळून बघतो. फोटो मिळतो तो या क्षणी! म्हणून तो पळाला की हळहळू नका, कॅमेरा डोळ्याला लावून ठेवा. नशीब असेल तर खोकड दिसेल, म्हणजे शेपटीच्या टोकाला काळं असलेला आपला छोटा कोल्हा. फारच नशीब असेल तर लांडगा. हिवाळ्यात गवतावरून झेपावत जाणारे भोवत्या ससाणे दिसतात. जमिनीवर गोट्यांसारख्या बसलेल्या पखुर्ड्या दिसल्या तर नीट बघा. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिलांसाठी पाणी घेऊन येतो. हे वाक्य घरी ज्यांना वाचून दाखवायचं त्यांना अवश्य दाखवा!

कॅमेरा कुठला?

पहिल्याच सहलीसाठी लाखाची खरेदी करू नका. भिंग न बदलता लांबचं जवळ आणणारा झूमचा कॅमेरा मिळतो, तो पुरतो. नवा घेण्याआधी कुणाचा दोन दिवसांसाठी मागून पाहा. विकत घेताना दुकानदाराला 'ऑप्टिकल झूम' किती ते विचारा. 'डिजिटल झूम'चा आकडा कितीही मोठा असला तरी त्याने चित्र फक्त फुगतं, पाणी घातलेल्या आमटीसारखं. नुसता मोबाइल असेल तरीही या. थवे, होडी, नावाडी, पाण्यावरचं ऊन हे मोबाइलमध्ये सुंदर येतं.

चार गोष्टी मात्र घरी शिकून घ्या. सरावाला खिडकीतल्या चिमण्या-कावळे पुरेत.

सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. नावाड्याला तसं सांगितलं तर तो होडी वळवून देतो.

उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/१००० किंवा त्याहून जास्त ठेवा. बसलेल्या पक्ष्याला निम्मा वेगही चालतो, पण होडी डुलते हे विसरू नका.

फोकस डोळ्यावर. पिसं थोडी अस्पष्ट आली तरी चालतं, डोळा स्पष्ट हवाच.

पांढऱ्या पक्ष्यामागे गडद पाणी असेल तर कॅमेरा फसतो आणि पक्षी नुसता पांढरा ठिपका होतो. तेव्हा उजेड एका पायरीने कमी करा.

होडीचं इंजिन चालू असताना कोपर फळीवर टेकू नका, सगळी थरथर फोटोत उतरते. कोपर अंगाशी धरा. नावाड्याने इंजिन बंद करून वल्ही हातात घेतली की मग निवांत फोटो काढा. होडीचा मोठा फायदा असा, की आपण पाण्याच्या जवळ, जवळजवळ पक्ष्याच्या नजरेच्या उंचीवर असतो. उभ्याने काढलेल्या फोटोला ती मजा नाही, आणि होडीत उभं राहणं धोक्याचंही आहे.

घरी शिवा : कॅमेऱ्याची उशी

गाडीच्या खिडकीवर कॅमेरा स्थिर ठेवायला धान्याची छोटी उशी वापरतात. बाजारात ती महाग मिळते. आपण ती तासाभरात शिवू शकतो.

मुलाच्या जुन्या जीन्सचा पाय घ्या. साधारण एक फूट लांबीचा तुकडा कापा. एक तोंड दुहेरी टीप मारून बंद करा. दुसऱ्या तोंडाला चेन लावा. उचलायला वर एक पट्टा शिवा. आत प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत तांदूळ किंवा मूग भरा, पण पाऊण भागच. गच्च भरली तर उशी कॅमेऱ्याचा आकार घेत नाही. वजन वाहून न्यायचं नसेल तर उशी रिकामी न्या आणि धान्य तिकडे विकत घ्या. परत आल्यावर मूग डब्यात ओता आणि उसळ करा!

आणखी एक सांगते. कॅमेऱ्याचं भिंग पदराने किंवा ओढणीने कधीही पुसू नका. कापडातला धुळीचा कण काचेवर ओरखडा काढतो. आधी मऊ ब्रशने धूळ झटका, मग भिंगासाठीच्या कापडाने हलके पुसा. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. म्हणून कॅमेरा कपाटात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या पर्समधून, चपलांच्या खोक्यातून त्या निघतात, आपण टाकून देतो.

काय घालावं, काय खावं

कपडे मातकट, खाकी, शेवाळी रंगाचे. लाल, पिवळा, पांढरा नको. काचेच्या बांगड्या दोन दिवस डब्यात ठेवा, त्यांच्या किणकिणीने चिंकारा कान टवकारतो. अत्तर आणि गजरा नको. साडीची सवय असली तरी होडीसाठी सलवार-कुडताच बरा. पाण्यात पडलं तर साडी पायांत गुंडाळते. डोक्याला टोपी किंवा रुमाल, पहाटेच्या वाऱ्यासाठी स्वेटर.

शिदोरी म्हणून दशम्या, तिळाची चटणी, गूळपोळी. चुरचुर वाजणाऱ्या पिशव्यांतला खाऊ नको. कचरा परत घरी आणायचा. पक्ष्यांना काहीही खायला घालायचं नाही. मायेने घातलं तरी त्यांना ते बाधतं.

आणि एक गोष्ट, जी सहसा कुणी लिहीत नाही. होडीत दोन-तीन तास बसावं लागतं. नाश्ता जिथे कराल त्या घरी स्वच्छतागृह आहे ना, हे आधीच विचारून ठेवा आणि निघताना जाऊन या. लाजू नका. त्यासाठी पाणीच न पिणं मात्र नको, उन्हाने डोकं दुखतं ते त्यामुळेच.

दोन गोष्टींत तडजोड नाही

पहिली गोष्ट, जीवरक्षक जाकीट. २१ मे २०२४ रोजी याच उजनीच्या पाण्यात, कळाशी आणि कुगावच्या मधे, वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. पाणी शांत दिसतं म्हणून शांत असतंच असं नाही. म्हणून जाकीट अंगात घालून बंद लावल्याशिवाय पाय होडीत टाकायचा नाही. माणसं जास्त झाली तर दुसरी होडी करा. वारा सुटला, आभाळ भरलं, तर पैसे गेले तरी चालतील, परत फिरा. "काही होत नाही हो ताई" असं कुणी म्हणालं तरी तुमचंच म्हणणं धरून ठेवा. घरी नाही का आपण गॅसच्या बाबतीत धरतो!

दुसरी गोष्ट पक्ष्यांच्या जिवाची. रोहितांचा थवा उडाला की पंखांखालचा लाल-काळा रंग उघडतो आणि फोटो अप्रतिम येतो. तो मिळावा म्हणून काही पर्यटक नावाड्याला होडी थव्यात घालायला सांगतात. चार पैसे जास्त मिळतात, म्हणून एखादा नावाडी घालतोही. पण विचार करा, तो पक्षी इथे पोट भरायला आलेला असतो. दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उठवलं तर त्याने खायचं केव्हा? वाढलेल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे आपल्याला का शिकवायला हवं? परतीच्या मोठ्या प्रवासासाठी अंगावर धरलेली चरबी अशी पळण्यात जळून जाते. आणि सतत त्रास झाला की थवे ती जागा सोडतात. मग पक्षी गेले आणि नावाड्याचा धंदाही गेला.

म्हणून होडीत बसतानाच सांगायचं, "दादा, पक्षी उडवायचे नाहीत. लांब थांबू. फोटो नाही मिळाला तरी चालेल." आणि उतरताना, त्याने तुमचं ऐकलं म्हणून, ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे त्याच्या हातावर ठेवायचे. पक्षी न उडवताही कमाई होते, हे त्याला कळणं महत्त्वाचं. मान वर करून पक्षी एकटक बघू लागला, चालू लागला, की समजा आपण फार जवळ आलो. तिथेच थांबा. माळावर हाच नियम : गाडीतून उतरायचं नाही, पाठलाग करायचा नाही, घरटं किंवा लांडग्याची बीळ कुठे आहे ते फोटोखाली लिहायचं नाही.

"पण घरचं काय?"

हा प्रश्न येणारच होता! एकटीने जायचं नसेल तर चौघीजणी मिळून जा. गाडी आणि होडी दोन्ही चौघींत वाटली की खर्च हलका होतो. भाडं माणशी की होडीमागे, किती तासांचं, हे फोनवरच ठरवून घ्या. पैशांचा प्रश्न भिशीतून सोडवा. पुढचा नंबर लागला की मिक्सरऐवजी भिगवण! 'हे' बरोबर येत असतील तर उत्तमच, फक्त कॅमेरा कुणाच्या गळ्यात हे निघण्यापूर्वी ठरलेलं असू द्या.

सासूबाईंची औषधं, मुलांचे डबे यांची चिठ्ठी फ्रिजवर लावा, शेजारणीला सांगून ठेवा, आणि मग मागे वळून बघू नका. तासातासाला फोन करून "कुकरच्या किती शिट्ट्या?" याची उत्तरं देत बसलात तर शेजारून उडालेला सुरय दिसायचासुद्धा नाही. दोन दिवस कुकरची एखादी शिट्टी जास्त झाली तर घर काही कोसळत नाही. उलट घरच्यांना कळतं की डाळ कुठल्या डब्यात असते.

परत आल्यावर शेकडो फोटो असतील. त्यांतले चांगले दहाच ठेवा. हे काम जड जातं, पण तिथेच हात बसतो. आपला फोटो का फसला हे पाहताना पुढचा सुधारतो. प्रत्येकाखाली पक्ष्याचं नाव, गाव, तारीख लिहा. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्ष्यांची गणना होते, तिच्यात घरबसल्या कुणालाही भाग घेता येतो. तुमची ही वही तिथे उपयोगी पडेल. कुठला पक्षी कुठे, किती दिसला, हे सामान्य माणसांनी टिपून ठेवलेलं अभ्यासकांना हवं असतं.

आणि दहांतला सर्वांत आवडता फोटो मोठा करून चौकटीत बसवा. तो कपाटात नको, दिवाणखान्यात लावा, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचं लक्ष जाईल. खाली, उजव्या कोपऱ्यात, छोट्या पण स्वच्छ अक्षरात तुमचं नाव. पाहुणे विचारतील, "कुणी काढला हो?" त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे. सरावाला लागा, संक्रांत काही फार लांब नसते!